भोपाळ-नागपूर : निरोप कसा पोचतो



व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा कार्यकारिणीची अपेक्षा अशी होती की मी गुडघेदुखीवर किंवा मधुमेहावर बोलावे. ते विषय दवाखान्यात रोज होतातच, संध्याकाळीही तेच नको. गेली तीन वर्षे मी एक वेगळाच अभ्यास करतो आहे. आपण फोनवर ‘हॅलो’ म्हणतो ते नागपूरला कसे ऐकू येते? साठी उलटल्यावर हे खूळ का शिरले, त्याचे कारण घरगुती आहे, ते ओघात येईल. मी अभियंता नव्हे. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ माझे रुग्ण आहेत. त्यांनी मला शिकवले, आणि जिथे मी चुकेन तिथे दोष शिष्याचा.

सुरुवात आपल्या शेजारून करू. इथून पंचावन्न-साठ किलोमीटरवर विदिशा आहे, आपल्या पूर्वजांचा भेलसा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि भेलशापर्यंत पोचले होते. लढाईला दहाएक दिवस झाले तरी सरकारी जासुदांकडून धड बातमी नव्हती. ती बातमी फुटली एका सावकारी पत्रातून. पत्र मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या भाषेत होते. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मला त्यात दुसरेच काही दिसते. सर्वांत वेगवान जाळे राज्याचे नव्हते, बाजाराचे होते. हुंड्यांवर जगणाऱ्या सावकाराला बातमी आधी हवी असते, म्हणून तो टप्प्याटप्प्यावर ताज्या दमाची माणसे ठेवतो. शिवाय मजकूर सांकेतिक, म्हणजे वाटेत कोणी पत्र उघडले तरी हाती काही लागू नये. आज आपल्या मोबाइलवरचा निरोप अशाच टप्प्यांनी आणि अशाच कुलपात जातो. फरक वेगाचा आहे. पानिपत ते भेलसा ही सातशे किलोमीटरहून अधिक वाट घोड्याच्या आणि माणसाच्या दमावर चालली होती, आणि दम संपला की निरोपही थांबत होता.

हा दम विजेवर घालण्याचे काम हिंदुस्थानात कोणी केले? एका डॉक्टरने. हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा एडिंबरोत शिकलेला आयरिश वैद्य. पटकीच्या रोग्याच्या रक्तातून पाणी आणि क्षार निघून जातात, हे त्याने १८३१-३२ च्या सुमारास तपासून दाखवले. त्याच विचारावरून थॉमस लाटाने शिरेतून क्षारजल देऊन पाहिले, आणि सलाइनच्या बाटलीचे मूळ तिथे आहे. पुढे हा ओशॉनेसी कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि १८३९ मध्ये त्याने शहराजवळ तार टांगून विजेचे संदेश पाठवून पाहिले. संदेश ओळखायचा कसा? त्याचा एक उपाय असा होता की घेणाऱ्याच्या बोटांना विजेचे बारीक झटके बसावेत आणि त्यांवरून त्याने अक्षर ओळखावे. नाडी बघणाऱ्यालाच असले सुचावे! अमेरिकेत मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू झाली ती १८४४ मध्ये, यानंतर पाच वर्षांनी.

सरकारला जाग आली ती डलहौसीच्या काळात. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर, १८५४ मध्ये कोलकाता ते आग्रा, आणि पाठोपाठ आग्र्याहून ग्वाल्हेर-इंदूरमार्गे मुंबई. १८५५ पासून सामान्य माणूस पैसे भरून तार करू लागला. आग्रा-मुंबई रस्ता आपल्या पश्चिमेकडून, ब्यावरा-शाजापूर-देवासवरून जातो. भोपाळ त्याच्या बाजूलाच राहिले. इथले नशीब उघडले ते १८८० च्या दशकात, शाहजहाँ बेगमांनी पैसा घातला आणि इटारसीहून रेल्वे आली तेव्हा. रेल्वेच्या कडेने खांब आले आणि खांबांवर तार. बुधनीच्या घाटात गाडी हळू झाली की आम्ही मुले खिडकीतून खांब मोजायचो, ते खांब आपल्यापैकी अनेकांनी मोजले असतील.

तारेचे तंत्र एका वाक्यात सांगता येते. वीज आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींतून भाषा बांधायची. थोडा वेळ असेल तर टिंब, जास्त वेळ असेल तर रेघ. तारघरातला कट्ट-कडकट्ट आवाज तोच. वाटेत वीज क्षीण झाली तर मधल्या ठाण्यावर एक विद्युतचुंबक असे. तो मेलेल्या सिग्नलाला जिवंत करीत नसे, ताज्या बॅटरीने नवा सिग्नल निर्माण करी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे. ‘आहे-नाही’ एवढेच ओळखायचे असल्यामुळे नक्कल मूळाइतकीच शुद्ध होते. आज ज्याला आपण डिजिटल म्हणतो ते हेच. म्हणजे डिजिटल आधी आले आणि टेलिफोन मागाहून.

टेलिफोनने हे सोपे गणित मोडले. बेलने १८७६ मध्ये आवाजाच्या लाटांसारखीच लाट विजेत उठवली. लाट क्षीण झाली की वाढवता येते, पण तिच्याबरोबर खरखरही वाढते. जानेवारी १८८२ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रासला एक्स्चेंज उघडली. एक्स्चेंज म्हणजे बाईने किंवा बाप्याने हाताने दोर खोचून तुमची तार माझ्या तारेला जोडायची. हे काम यंत्रावर नेणारा अल्मन स्ट्राउजर हा कॅन्सस सिटीचा, धंद्याने प्रेतांच्या अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, म्हणून त्याने ऑपरेटरच काढून टाकणारे यंत्र बनवले. त्याचे पेटंट १८९१ चे. जगातले पुष्कळ शोध जिज्ञासेतून लागतात असे आपण मुलांना सांगतो. काही संशयातूनही लागतात.

आता आपली गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. या सभागृहातल्या निम्म्या घरांची कथा तिथे सुरू होते. सचिवालयातला बाप फायलींबरोबर इकडे आला, आजी-आजोबा तिकडे राहिले. माझे वडील त्यांतलेच. टी.टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. नागपूरशी संबंध पोस्टकार्डाचा, मरणाधरणाला तारेचा. ट्रंककॉल म्हणजे एक समारंभ होता. तारघरात जाऊन नोंदवायचा, बाकावर बसून राहायचे. घाई असली तर अर्जंट, दुप्पट पैशांत. त्याहून घाई असली तर लाइटनिंग, आठपट पैशांत. आठपट मोजण्याइतके कोणाचे काही अडत नसे.

१९८४ मध्ये मी नागपूरला शिकत होतो. ताई लग्न होऊन इथे जुन्या भोपाळात, स्टेशनच्या बाजूला राहत होती. ३ डिसेंबर, सोमवार. वसतिगृहात रेडिओवर बातमी आली. भोपाळात विषारी वायू सुटला, माणसे मेली, किती ते कळत नव्हते. मी तारघरात धावलो. तिथे माझ्यासारख्यांची रांग होती. लाइटनिंग कॉल नोंदवला. अख्ख्या वर्गाने पैसे काढून दिले होते. संध्याकाळपर्यंत बसलो. लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या बाकावरच्या दोन दिवसांचा मला राग होता. चाळीस वर्षे मी समजत होतो की कोणीतरी हयगय केली. माझ्या रुग्ण-गुरूंनी एक कागद घेऊन तो राग उतरवला. एका संभाषणासाठी टेलिफोनवाले फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढी पट्टी ठेवतात. माणसाचे बोलणे समजायला तेवढी पुरते. अशा पट्ट्या एकावर एक रचून एकाच तारेवरून १२ संभाषणे नेता येतात, अशा पाच गटांची मिळून ६०. दोन शहरांमध्ये अशा किती पट्ट्या टाकायच्या? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला एर्लांग नावाचा गणिती १९०९ पासून हेच मोजत होता. सगळे लोक एका वेळी बोलत नाहीत, म्हणून रोजच्या सर्वांत गर्दीच्या तासाला पुरतील एवढ्याच पट्ट्या ठेवायच्या. धर्मशाळेचे हेच गणित असते. आणि जुन्या टेलिफोनात एकदा जोडलेली पट्टी तुम्ही फोन ठेवेपर्यंत तुमची. तुम्ही रडलात, गप्प राहिलात, तरी तुमची. सगळ्या देशाला एकाच सकाळी भोपाळ हवे झाले तर शंभरातल्या नव्व्याण्णवांना रिकामी पट्टी मिळणार नाही.

‘डॉक्टर, जाळे मोडले नव्हते,’ ते म्हणाले. ‘ते भरले होते.’

रेल्वेची तार मात्र वेगळी. कंट्रोलच्या फोनवर सगळी स्टेशने माळेतल्या मण्यांसारखी एकाच तारेवर असतात, तिथे सार्वजनिक गर्दीचा शिरकाव नाही. त्या रात्री भोपाळ स्टेशनावर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर होते. उभी गाडी त्यांनी वेळेची वाट न पाहता सोडून दिली आणि येणाऱ्या गाड्या अलीकडेच रोखा असे निरोप दिले, हे आपण सगळे जाणतो. ते निरोप गेले ते या वेगळ्या तारेमुळे. कितीजण वाचले ते मोजता येत नाही. त्यांचे सहकारी मात्र तिथेच पडले.

मला निरोप मिळाला तो ५ तारखेला, तारेने. वडिलांनी तीन शब्द पाठवले होते. ‘ऑल सेफ, राइटिंग.’ तारेत शब्दागणिक पैसे पडत. मी परीक्षेला बसलो. पत्र आठ दिवसांनी आले तेव्हा कळले की ताई इस्पितळात होती, डोळ्यांवर पट्ट्या, छातीत पाणी. वडिलांना वाटले, खरे कळवले तर पोरगा गाडीत बसून या विषारी गावात येईल. तारेने एकही अक्षर चुकवले नव्हते.

योगायोग असा की त्याच १९८४ च्या ऑगस्टमध्ये सी-डॉट स्थापन झाले होते. सॅम पित्रोदा आणि तरुण अभियंत्यांनी इथल्या धुळीत, उन्हात, वातानुकूलनाशिवाय चालेल असे १२८ लाइनींचे लहान डिजिटल एक्स्चेंज बनवले. ते १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. मग गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आले, आणि रात्रीचे सवलतीचे दर लागू व्हायची वाट पाहत आपण त्यांच्यासमोर रांगा लावल्या.

डिजिटल एक्स्चेंज आवाजाचे काय करते? सेकंदाला ८००० वेळा लाटेची उंची मोजते आणि प्रत्येक उंची आठ ‘आहे-नाहीं’मध्ये लिहिते. म्हणजे सेकंदाला ६४ हजार. आवाज पुन्हा तारेच्या भाषेत आला. ही कल्पना अ‍ॅलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याची, १९३७ च्या आसपासची. आवाज एकदा आकडे झाला की आकड्यांना आवाज, चित्र, हिशेब सारखेच.

पुढची पायरी मला सर्वांत अवघड गेली. आमच्या घरी पर्युषण संपले की क्षमावणीची पोस्टकार्डे लिहायचा कार्यक्रम असे. कारंजा, वाशीम, नागपूर मिळून साठेक. आता एक ‘उत्तम क्षमा’चे चित्र साठजणांना क्षणात जाते, आणि ज्यांच्याशी खरोखर भांडण आहे तेही त्या साठांत निघून जातात, ते असो. ते चित्र दीडशे किलोबाइटचे असेल तर त्याचे साधारण दीड हजार बाइटचे शंभर तुकडे होतात. प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक. कोणासाठीही वाट राखून ठेवलेली नसते. प्रत्येक नाक्यावरचे यंत्र पत्ता वाचून पुढचा नाका दाखवते. तुकडे मागेपुढे पोचले तर क्रमांकाने लावले जातात, हरवला तर पुन्हा मागवला जातो. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात हे वेगवेगळे मांडले. बॅरनच्या डोळ्यांसमोर अणुयुद्ध होते, मधली ठाणी उद्ध्वस्त झाली तरी निरोप दुसऱ्या वाटेने जावा. अशा जाळ्यात गर्दी झाली तर दार बंद होत नाही, सगळ्यांची चाल मंदावते. १९८४ ला असे असते तर मला नुसते ‘ताई कुठे?’ एवढे तरी विचारता आले असते. गुरुजी लगेच म्हणाले, ‘फार विश्वास ठेवू नका. तुमच्या मोबाइलपासून टॉवरपर्यंतची हवा मोजकीच आहे, आणि टॉवरची वीज गेली तर सगळे शास्त्र संपले.’ म्हणून संकटात बोलू नये, एसएमएस करावा. तो १४० बाइटांचा, आणि जुन्या जाळ्यात तर बोलण्याच्या वाटेने नव्हे, फोन जोडण्याच्या सूचना ज्या वाटेने जातात तिने जाणारा. तारेचाच नातू म्हणा.

आता नागपूरकडे जाणारी वाट मुख्यतः काचेची आहे. तेच रूळ, तोच बुधनीचा घाट, पण खांबांऐवजी जमिनीत केसासारखा तंतू. रेलटेल ही कंपनी २००० पासून रुळांच्या कडेनेच तंतू टाकत आली आहे. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कित्येक किलोमीटर जाईल, हे चार्ल्स काओने १९६६ मध्ये मांडले आणि २००९ मध्ये त्याला नोबेल मिळाले. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. भोपाळ-नागपूर रेल्वेने ३९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. आणि शंभर किलोमीटर गेल्यावर किती प्रकाश उरतो? शंभरावा भाग. ऐकून मी हसलोच. आमच्या शास्त्रात एकास शंभर हीच एक पायरी! गुरुजींनी चष्म्यावरून पाहिले. ‘तुमच्याकडे पातळ केले की जोर वाढतो. आमच्याकडे दर ऐंशी-शंभर किलोमीटरला अँप्लिफायर बसवावा लागतो.’

आता ते घरगुती कारण. ताई हल्ली मुलाकडे नागपूरला असते. छाती तेव्हापासून कायमची अधू. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री तिचा फोन आला. थोडे दमल्यासारखे वाटते म्हणाली. मी कान देऊन ऐकले. चाळीस वर्षे मी रुग्ण खुर्चीवर बसायच्या आत त्याचा श्वास ऐकत आलो आहे. घरघर नाही, शीळ नाही, आवाज स्वच्छ. म्हटले, वाफ घे, सकाळी बोलू. पहाटे भाच्याने तिला इस्पितळात नेले. ऑक्सिजन धोक्याइतका उतरला होता. ती वाचली. मी मात्र कितीतरी दिवस त्या एका फोनपाशी अडकून होतो. मला ऐकू कसे आले नाही?

ते ऐकू येण्यासारखे नव्हतेच. ‘फोन तिचा आवाज तुम्हाला पाठवतच नाही,’ गुरुजींनी सांगितले. मोबाइल सेकंदाला ६४ हजार ‘आहे-नाही’ खर्च करीत नाही, बारा-तेरा हजारांत भागवतो. तो बोलण्याचे दर २० मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येक वेळी घसा आणि तोंड कोणत्या आकारात आहे, स्वर किती उंच आहे, एवढेच मोजून पाठवतो. पलीकडचे यंत्र त्या वर्णनावरून आवाज नव्याने घडवते. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत लखनौला शिकलेले बिष्णू अटल आहेत. हे यंत्र बोलण्यासाठी बांधलेले आहे. पंख्याची घरघर, रस्त्याचा गोंगाट याला ते कचरा समजून गाळते. दम्याची शीळ त्याच कचऱ्यात जाते. आणि दोन शब्दांमध्ये माणूस थांबला, धाप टाकू लागला, की यंत्र ती शांतता समजते आणि जवळजवळ काहीच पाठवत नाही. पलीकडच्याला फोन तुटल्यासारखे वाटू नये म्हणून त्याच्याच फोनमध्ये एक खोटी मंद खसखस तयार केली जाते. त्या रात्री ताई धापा टाकत होती तेव्हा मी माझ्याच हातातल्या यंत्राने बनवलेली खसखस ऐकत होतो.

वडिलांची तार अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा ती बाहेर काढून पाहिली होती, आणि त्या जानेवारीनंतर पुन्हा एकदा.

श्वास ऐकू येणार नसेल तर मोजता येईल असे काही हवे होते. एक जुनी, बिनखर्चाची तपासणी आहे. छातीभर श्वास घ्यायचा आणि एका दमात एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजत जायचे. आकडे हे बोलणे आहे, ते यंत्र गाळत नाही. आता रोज संध्याकाळी सातला तिचा फोन येतो. आधी नातवंडांची तक्रार, मग मोजणी. पंधराच्या खाली गेली तर भाच्याला गाडी काढायला सांगायची, असे ठरले आहे. काल एकवीसला थांबली आणि म्हणाली, ‘झाले का तुझे? कुकर उतरवायचाय.’